माका काय होया ता आधी इचार

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी मालवणच्या बाजारपेठेत काहीच अडलं नाही. कॉम्प्युटर सुरू झाले, सातबारे निघाले, झेरॉक्सच्या रांगा लागल्या. बदल झाला तो डोळ्यांना न दिसणारा. या सिस्टीममध्ये यापुढे जी भगदाडं सापडतील, ती कंपनी आपणहून बुजवणार नाही. घरगुती वापरणाऱ्यांना नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते. धंद्यासाठी हवी तर ती विकत घ्यावी लागते. पुढची पायरी विंडोज ११. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक मशिनं बाद.

सिंधुदुर्गात अशी मशिनं दुकानांत आहेत, शाळांत आहेत, पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांत आहेत. इथे कॉम्प्युटर मरेपर्यंत वापरतात. खाऱ्या हवेने तो सुरू व्हायचा थांबला की झाकण उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, तिच्या कडेचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे आणि परत बसवायची. निम्म्या वेळा मशीन उठतं. अशा मशीनवर आता काय चालवायचं, हा प्रश्न या किनाऱ्यावर खर्चाचा आहे आणि जबाबदारीचाही आहे.

वाद मामा-भाचीचा. मामा बाजारपेठेत डीटीपी, झेरॉक्स आणि दाखल्यांचं सेवा केंद्र चालवतात. भाची तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकवते. पावसाळ्यात समुद्रातले खेळ बंद झाले की मामांच्या दुकानात बसते. बोलणं मालवणीत झालं, एका बैठकीत झालं नाही, आणि मीही त्यात मधूनमधून बोललो. जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी ते सलग करून प्रमाण मराठीत मांडतो. एखाददुसरं वाक्य मूळचंच ठेवलं आहे.

मामा: गो बाय, माका काय होया ता आधी इचार, मगे सिस्टीम सांग. तू येतेस ती लिनक्सचा पेन ड्राइव्ह हातात घेऊनच.

भाची: बरं, विचारते. काउंटरवरच्या मशीनवर दिवसभर काय चालतं?

मामा: उत्पन्नाचे दाखले, डोमिसाइल, सातबारा, आठ-अ, पॅन, भरतीचे अर्ज, परीक्षांचे फॉर्म. कुणाचा आधारसाठी अंगठा घ्यायचा असतो. माणूस देवबागेतून एसटीने आलेला असतो. सरकारी सर्व्हर बंद असला तर तो सरकारला बोलतो. माझं मशीन अडलं तर त्याचं भाडं वाया, दिवस वाया, आणि ते माझ्यामुळे.

भाची: त्याच्या आधारचं, पासबुकाचं, जातीच्या दाखल्याचं स्कॅन कुठे जातं?

मामा: डेस्कटॉपवर. रात्री पुसतो.

भाची: रोज?

मामा: जूनमध्ये अ‍ॅडमिशनची गर्दी असते तेव्हा राहून जातं.

भाची: आणि ते मशीन विंडोज १० वर, देखभाल संपलेलं, दिवसभर इंटरनेटला जोडलेलं. मामा, तुझी हार्ड डिस्क उडाली तर नुकसान तुझं. पण त्या फोल्डरमधून कुणी शंभर माणसांची कागदपत्रं उचलली तर नुकसान त्या शंभरांचं, आणि त्यांना कळणारही नाही. तुला काय हवं ते मी विचारलं. पण त्या रांगेतल्या माणसाला काय हवं, तेही विचारायला नको का?

मामा यावर गप्प राहिले. मलाही इथे दुसरी बाजू दिसत नाही. स्वतःच्या घरी, स्वतःच्या फोटोंसाठी कुणी जुनी सिस्टीम चालवत राहिला तर तो त्याचा प्रश्न. दुसऱ्यांची ओळखपत्रं ज्या मशीनवरून जातात, ते मशीन देखभालीत असलंच पाहिजे. आणखी एक गोष्ट याच ओघात निघाली. मागच्या खोलीतल्या डीटीपीच्या मशीनवरची विंडोज कधी विकत घेतलेलीच नव्हती. एका तंत्रज्ञाने ती ‘मारून’ दिली होती आणि ती चालू राहावी म्हणून एक छोटा प्रोग्राम आत ठेवला होता. कुलूप फोडणाऱ्याने बनवलेली किल्ली आपण घरात ठेवतो, तेव्हा त्याच्याकडे दुसरी किल्ली नसेल असं मानायला काही आधार नसतो. खऱ्या परवान्याची विंडोज ११ होम दहा हजारांच्या घरात जाते. तेवढे पैसे जुन्या मशीनवर घालावेत का, यावर मात्र दोघांचं एकमत होतं: घालू नयेत.

मामा: ठीक. मग तुझं लिनक्स सांग. पण मला सांगताना तुझ्या लॅपटॉपचं उदाहरण देऊ नकोस. तुझं काम वेगळं.

भाची: माझंच देते, कारण त्यातच गंमत आहे. डाइव्ह संपली की मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमधून नोंद काढायची असते. किती खोल गेलो, किती मिनिटं, वर येताना किती वेगाने आलो, पाण्याचं तापमान. ती नोंद मी सबसर्फेस नावाच्या प्रोग्राममध्ये घेते. तो लिहिला कुणी माहीत आहे? लिनस टोरवाल्ड्सने. ज्याने १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असताना लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, लिहायला घेतलं, तोच.

मामा: तो डायव्हर?

भाची: पक्का डायव्हर. २०११ मध्ये कर्नलचा साठा जिथे ठेवलेला असतो त्या सर्व्हरवर घुसखोरी झाली आणि तो काही काळ बंद ठेवावा लागला. याच्या हातात मोकळा वेळ आला. स्वतःच्या डाइव्हच्या नोंदी ठेवायला मनासारखा प्रोग्राम मिळत नव्हता, म्हणून त्याने लिहून काढला. आज तो फुकट मिळतो, लिनक्सवर चालतो, विंडोजवर, मॅकवरही चालतो.

मामा: बघ, तुझ्याच तोंडून आलं. त्याला काय होया होतं ते त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने तसं केलं. आणि केलं ते तिन्ही सिस्टीमवर चालेल असं केलं. मग मी सिस्टीम का बदलू?

भाचीला हे अपेक्षित नव्हतं. तिने पेन ड्राइव्ह काढला आणि मागच्या खोलीतल्या मशीनला लावला. वादात मला सगळ्यात उपयोगी वाटलेला भाग इथून सुरू होतो.

पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट होतं, त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. दोन जीबी रॅमवर ती उभी राहते. चार असली तर सुखाने चालते. मशीन सुरू करताना एफ १२ दाबून बूट मेनू आणला, पेन ड्राइव्ह निवडला. हार्ड डिस्कला हात न लावता पूर्ण सिस्टीम पडद्यावर आली. पुसायचं काही नाही, फॉरमॅट मारायचं काही नाही. पेन ड्राइव्ह काढून मशीन पुन्हा सुरू केलं की पहिलं जसं होतं तसं. ही सोय फुकट आहे आणि तरी लोक ती न वापरता ऐकीव माहितीवर भांडतात, याचं मला वाईट वाटतं.

मग मामांनी एकेक वस्तू लावायला दिली. वायफाय आपोआप मिळालं. शाईच्या टाकीचा नवा प्रिंटर वायफायवरून सिस्टीमने स्वतःच ओळखला. ड्रायव्हरची सीडी मागितली नाही. कीबोर्डच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट होता, मामांची बोटं लगेच चालू लागली. दाखल्यांचं पोर्टल ब्राउझरमध्ये उघडलं, लॉगिन झालं. मामा नरम पडू लागले होते. मग त्यांनी जुना लेझर प्रिंटर लावला, ज्यावर दुकानाचं निम्मं छपाईचं काम होतं. सिस्टीमने त्याचं नाव बरोबर दाखवलं, छापायची आज्ञा घेतली, आणि कागद काही बाहेर आला नाही. शेवटी अंगठ्याचं यंत्र. त्यातला दिवा पेटला. पोर्टलने सांगितलं, यंत्र सापडत नाही.

भाची: आधारच्या अंगठ्यासाठी आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्राम पाठीमागे चालू असावा लागतो. तो यंत्र बनवणारी कंपनी देते. या यंत्राचा विंडोजसाठी मिळतो, अँड्रॉइडसाठी मिळतो.

मामा: आणि माझ्या डिजिटल सहीचं टोकन?

भाची: काही टोकनांचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो. तुझ्या टोकनाचा बघावा लागेल.

मामा: म्हणजे काउंटरचा निकाल लागला.

भाची: लागला. काउंटरला विंडोजच. पण चालू देखभालीतली, परवान्याची, विंडोज ११ बसेल अशा मशीनवर. नवं नको असेल तर आठव्या पिढीच्या पुढचं जुनं घे. घेण्याआधी दुकानदारासमोर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून बघ, ते सरळ हो किंवा नाही सांगतं.

एवढ्या लवकर ती मान्य करेल असं मला वाटलं नव्हतं. पण तिची शिस्त पाण्यातली आहे. डाइव्हच्या आधी टाकी, नळी, रेग्युलेटर हाताने तपासल्याशिवाय ती कुणाला उडी मारू देत नाही. पोर्टल उघडलं म्हणजे काम होईल असं तिने गृहीत धरलं नाही; यंत्र लावून पाहिलं. सिस्टीम निवडताना माणसं प्रोग्रामांची यादी करतात आणि टेबलावरच्या तारा मोजायला विसरतात. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र, सहीचं टोकन, बारकोडची बंदूक: अडतं ते बहुधा इथे.

भाची: पण एक सांग. तीनही मशिनांना हेच लागू आहे का? मामीच्या खोल्यांचं बुकिंग ज्या मशीनवर होतं, त्याला अंगठा नाही, टोकन नाही. ब्राउझर, ईमेल, थोडा हिशोब आणि पर्यटकाच्या हातात द्यायचं बिल.

मामा: ते मशीन बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? विंडोजचं काही झालं तर भरड नाक्यावरून पोरगा येतो, तासाभरात करून जातो. लिनक्स म्हटलं की तो हात वर करतो. मग मी तुला फोन करणार, आणि तू ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाण्याखाली.

भाची: देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांना ई-कोर्ट्स प्रकल्पात उबुंटू नावाचं लिनक्सच दिलं गेलं. केरळात सरकारी शाळांमधून आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने कॉम्प्युटरचं शिक्षण लिनक्सवर आणलं. हायस्कूलची पोरं तिथे तेच शिकतात. आपल्याच किनाऱ्यावरचं राज्य आहे, तिथेही पाऊस आहे, तिथेही लाइट जाते.

मामा: ओरोसच्या जिल्हा कोर्टाला सिस्टीम बघायला माणूस नेमलेला असतो. केरळात सरकारने मास्तरांना शिकवलं. मला कोण शिकवणार?

भाची: आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. लिनक्स, लिब्रेऑफिस, इंकस्केप, सगळ्याचे छोटे छोटे व्हिडिओ, मराठीतून. मामी दुपारी बघेल.

मामा: मामी दुपारी खोल्यांच्या चादरी बदलते.

या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूने झुकतो. ‘फुकट आहे’ आणि ‘शिकायला व्हिडिओ आहेत’ या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी हंगामात शनिवारी रात्री पाहुणे दारात उभे असताना त्यांचा उपयोग नसतो. जवळपास कोण दुरुस्त करू शकतं, हा सिस्टीम निवडतानाचा पहिल्या तीन प्रश्नांतला प्रश्न आहे आणि लिनक्सची बाजू मांडणारे तो नेहमी घाईने उरकतात. पण याचीच दुसरी बाजूही आहे. ब्राउझर आणि बिलं एवढंच काम असेल तर त्या मशीनवर बिघडण्यासारखंही थोडंच उरतं. मिंट एकदा बसवलं, त्याची आत्ताची २२ ही मालिका २०२९ पर्यंत देखभालीत आहे. अपडेट कधी घ्यायचं ते आपण ठरवतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने इथले खांब आडवे केले, तेव्हा कितीतरी दिवस लाइट नव्हती. मधूनच तासभर यायची. त्या तासात अर्जंट काम करायचं सोडून विंडोज अपडेट पूर्ण करत बसल्याचं मामा अजून रागाने सांगतात. अर्थात अपडेटच्या मध्येच लाइट गेली तर कोणतीही सिस्टीम कोलमडू शकते. इन्व्हर्टरला पर्याय नाही.

मामीच्या मशीनसाठी मी क्रोमओएस फ्लेक्सचं नाव काढलं. गुगलने ते जुन्या कॉम्प्युटरांसाठी फुकट दिलं आहे, चार जीबी रॅम लागते, सगळं काम ब्राउझरमध्येच. दोघांनीही ते एका वाक्यात बाद केलं: पावसात नेट गेलं की मशीनचं काय करायचं? मॅकचा विषयही तसाच लवकर संपला. पाण्याखालचे व्हिडिओ कापायला भाचीच्या ओळखीतले काही जण मॅक वापरतात आणि खूश आहेत. तिला स्वतःला लिनक्सवरचं केडेनलाइव्ह पुरतं. मामांना मॅकवर करायचं असं काही नाही.

हिशोबासाठी टॅलीचा प्रश्न निघाला. टॅली विंडोजवरच चालतं, आणि दुकानाचं खातं जो अकाउंटंट बघतो त्याला टॅलीचीच फाइल लागते, म्हणून तेही काउंटरच्या मशीनवर राहिलं. मामीच्या खोल्यांचा हिशोब लहान आहे. भाचीने तिथे ग्नूखाता सुचवलं. कृष्णकांत माने या दृष्टिहीन मराठी प्रोग्रामरने पुढाकार घेऊन उभं केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावीच्या माहिती तंत्रज्ञानात शिकवतात. म्हणजे बारावी झालेलं शेजारचं एखादं मूलही ते ओळखत असेल. दुरुस्तीच्या माणसाचा प्रश्न असा थोडा थोडा सुटत जातो.

खरा पेच तिसऱ्या मशीनवर होता. डीटीपीचं मशीन. त्यावर मामांची सारी कमाई आहे: लग्नपत्रिका, बारशाच्या, उत्तरकार्याच्या पत्रिका, दशावतारी नाट्यप्रयोगांची हँडबिलं, जत्रांचे फलक, मच्छीमार सोसायटीचे अहवाल, गावच्या मंडळांच्या स्मरणिका. थोडं पेजमेकरमध्ये, बरंच कोरलड्रॉमध्ये.

मामा: यावर बोलूच नकोस. इथे विंडोजशिवाय पान हलत नाही.

भाची: एक फाइल दे. जुनी.

मामांनी २००४ सालची दशावताराच्या हँडबिलाची कोरलची फाइल दिली. भाचीने पेन ड्राइव्हवरच्या मिंटमध्येच इंकस्केप हा चित्रांचा प्रोग्राम घेतला आणि फाइल त्यात उघडली. उघडेल असं मामांना वाटलंच नव्हतं. कोरलची फाइल वाचणारी लायब्ररी मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी गेल्या दशकात तयार केली आहे. लिब्रेऑफिसही तीच वापरतं. पडद्यावर चौकट आली, कोपऱ्यातल्या समया आल्या, वर गणपती आला. आणि जिथे नाटकाचं नाव, कंपनीचं नाव, देवळाचं नाव असायला हवं तिथे इंग्रजी अक्षरं, अर्धे कंस, डॉलरची खूण आणि टक्क्याची खूण यांच्या ओळीच्या ओळी आल्या. एकही मराठी अक्षर नाही.

मामा: बघितलंस? हे तुझं लिनक्स.

भाची: लिनक्सने काही केलेलं नाही, मामा. फाइलमध्ये आहे तेच दिसतंय. यात मराठी कधी नव्हतंच.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण महाराष्ट्रातल्या हजारो छापखान्यांची, साप्ताहिकांची, ग्रंथालयांची हीच गत आहे. जुन्या मराठी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या खणांमध्ये मराठी अक्षरांची चित्रं बसवली होती. कळ दाबली की कॉम्प्युटर नोंद करायचा इंग्रजी अक्षराची आणि पडद्यावर काढायचा मराठी आकार. दर कंपनीची मांडणी निराळी. एकीचा ‘क’ ज्या खणात, दुसरीचा ‘म’ त्याच खणात. फॉन्ट असेपर्यंत सगळं सुंदर. फॉन्ट नाही तर फाइल आंधळी. तिच्यात ‘मालवण’ शोधलं तर सापडत नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तो शब्द तिथे नाहीच. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीपासून स्वतःचे क्रमांक आहेत, आणि त्यांचा आराखडा आपल्याच इस्की या भारतीय प्रमाणावरून घेतला आहे. पण पेजमेकरला युनिकोडची देवनागरी कधी जमली नाही, त्याची शेवटची सातवी आवृत्ती २००१ ची, आणि आपले डीटीपीवाले तिथेच राहिले. त्यांना दोष देता येत नाही. गिऱ्हाईक पत्रिका उद्या मागत होतं, आणि पत्रिका देखणी निघत होती.

मामा: देखणी हाच मुद्दा. माझ्या जुन्या फॉन्टांचं वळण बघ. तुझ्या युनिकोडात पत्रिकेला शोभेल असं आहे काय?

भाची: मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू आहेत, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत. सगळे फुकट आणि सगळ्या सिस्टीमवर चालतात.

मामा: मुक्ता अहवालाला चांगला. बलू बारशाला चालेल. उत्तरकार्याच्या पत्रिकेला मी बलू लावणार नाही.

भाची: नको लावू. पत्रिका जुन्या फॉन्टातच काढ, छाप, आणि पीडीएफ करून ठेव. पीडीएफमध्ये फॉन्टचा आकार बरोबर जातो, ती कुठेही तशीच दिसेल. पण सोसायटीचे अहवाल, स्मरणिका, जत्रेचा मजकूर, हे तू दरवर्षी पुन्हा उघडतोस. हा मजकूर युनिकोडमध्ये आण. कन्व्हर्टर आहेत. जोडाक्षरं आणि रफार चुकतात, हाताने सुधारावे लागतील. मी पावसात बसून करते.

मामा: आणि मग लिनक्स घालणार.

भाची: नाही. मग तुला जे घालायचं ते घाल. आज तू विंडोज निवडलेलं नाहीस. तू त्यात अडकलेला आहेस. तुझ्या फॉन्टांचं पॅकेज ज्या यूएसबी लॉकवर चालतं, ते उद्या खाऱ्या हवेने गेलं, तर तुझी वीस वर्षं त्या डॉलरच्या खुणांत जातील. विंडोज राहिलं तरी जातील.

मला या सगळ्या वादात हेच सांगायचं आहे आणि ते भाची माझ्याहून नेमकं बोलली. विंडोज चांगलं की लिनक्स, याचं उत्तर कामागणिक बदलतं आणि बदललं तरी हरकत नाही. पण आपला मजकूर एका फॉन्टमध्ये, एका प्रोग्रामच्या एका आवृत्तीत, एका कंपनीच्या लॉकमागे असेल, तर निवड करायला आपण मोकळेच नसतो. आधी फाइली सोडवायच्या. मजकूर युनिकोडमध्ये, छापलेलं पीडीएफमध्ये, हिशोब कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडेल असा. हे काम कंटाळवाणं आहे, त्याची जाहिरात कुणी करत नाही, आणि ते विंडोजवर बसूनही तितकंच होतं. एकदा ते झालं की पुढच्या वेळी एखादी सिस्टीम बंद पडल्याची बातमी आली तर माणूस शांतपणे मशीन बदलू शकतो.

मामांनी सगळं मान्य केलं असं नाही. ज्या सिस्टीमचा माणूस नाक्यावर मिळत नाही ती धंद्याच्या जागी नको, यावर ते आजही ठाम आहेत, आणि मी त्यांना चुकीचं म्हणणार नाही. भाचीलाही अजून वाटतं की पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची देखभाल कधी थांबवायची हे दुसऱ्याने ठरवू नये. तिचंही खरं आहे. तरी कामापुरतं ठरलं ते असं. काउंटरवर विंडोज ११ चालेल असं जुनं मशीन येईल. मामीच्या टेबलावर मिंट. पण त्याआधी भाची नाक्यावरच्या त्या पोराला दुकानात बसवून त्याच्याच हाताने ते घालून घेईल, म्हणजे पुढे तो हात वर करणार नाही. डीटीपीच्या मशीनवरची मारलेली विंडोज काढून तिथे खरा परवाना असलेली काउंटरवरची जुनी डिस्क बसेल का, परवाना त्या मशीनवर धरेल का, हे बघायचं आहे. न धरला तर काउंटरचं जुनं मशीनच आत न्यायचं. आत जे राहील ते इंटरनेटला जोडायचं नाही. नेटची केबल मामांनी तिथल्या तिथे काढली. फाइली पेन ड्राइव्हने आत-बाहेर, आणि एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क दुकानात ठेवायची नाही, घरी कपाटात, ओल धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात.

राहिला प्रश्न, कन्व्हर्टरला आधी काय लावायचं. भाचीला सोसायटीचे अहवाल आधी हवे होते, त्यांत आकडे आहेत आणि ते शोधावे लागतात. मामा म्हणाले, जत्रेचं आधी. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते. देवीचा कौल मिळतो, तारीख जाहीर होते, आणि त्या दिवसापासून दुकानात हँडबिलं, फलक, स्वागताच्या कमानी यांचं काम कोसळतं. एसटीच्या वेळा, दर्शनाच्या रांगा, दुकानांच्या जाहिराती, सगळा मजकूर गेल्या वर्षीच्या फाइलीतून उचलून बदलायचा असतो.

भाची: मग तेवढं आधी करते. किती वेळ आहे?

मामा: कौल मिळेपर्यंत. तारीख पडली काय मी तुका मशिनीक हात लावूक देवचंय नाय.